झडपेच्या ऑपरेशननंतर ठोका चुकतो तेव्हा...

हृदयाची झडप बदलल्यावर किंवा दुरुस्त केल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत ठोके अनियमित होणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. त्यात घाबरण्यासारखे किती, लक्ष ठेवण्यासारखे काय आणि कुठली चूक मुळीच करायची नाही, हे रुग्णाबरोबर घरच्यांनाही माहीत हवे.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलेले असते. सर्जन येऊन तसे सांगून गेलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण चमचाभर पेज घेतो, दोन शब्द बोलतो आणि बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींच्या जिवात जीव येतो. अशातच अचानक तो म्हणतो, "छातीत कसंतरीच होतंय. पाखरू फडफडल्यासारखं." नर्स धावत येते. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झालेली असते आणि मघाचा ८० चा आकडा १४० वर गेलेला असतो. घरच्यांच्या मनात एकच शंका येते, नवी झडप बिघडली तर नाही ना?

बहुतेक वेळा झडप अगदी ठीक असते. बिघडलेला असतो तो ठोक्यांचा ताल, आणि त्याचे कारण वेगळे असते.

दार वेगळे, घंटा वेगळी

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. झडपा म्हणजे या कप्प्यांची दारे. रक्त पुढे गेले की ती मिटतात आणि त्याला मागे येऊ देत नाहीत. पण दारे केव्हा उघडायची, हृदयाने केव्हा आकुंचन पावायचे, हे झडपा ठरवत नाहीत. ते काम उजवीकडच्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्याशा गाठीचे आहे. इंग्लंडमधील आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली तिचे वर्णन केले. शाळेतला शिपाई जशी वेळेवर घंटा देतो, तशी ही गाठ मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेचा सूक्ष्म इशारा देते. तो इशारा आधी वरच्या कप्प्यांत पसरतो, मधल्या चौकीवर क्षणभर थांबतो आणि मग खालच्या कप्प्यांत जातो.

आता कल्पना करा की शिपायाची घंटा कुणाला ऐकूच येत नाही आणि मैदानाच्या प्रत्येक कोपऱ्यात मुले आपापली थाळी बडवत आहेत. वरच्या कप्प्यांचे असे झाले की ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. मिनिटाला तीनशे-चारशेहून अधिक इशारे निघतात. मधली चौकी त्यांतले काहीच पुढे सोडते, पण कसेही, केव्हाही. त्यामुळे नाडी वेगाने आणि बेताल चालते. याला डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. केसपेपरवर 'ए.एफ.' अशी दोनच अक्षरे दिसतात.

ऑपरेशननंतरच का?

बायपासनंतर साधारण दहांपैकी तीन रुग्णांना हा त्रास होतो. झडपेच्या ऑपरेशननंतर दहांपैकी चौघांना, आणि दोन्ही ऑपरेशने एकदम झाली तर जवळजवळ निम्म्या रुग्णांना. वय जास्त असेल तर शक्यता वाढते. बहुतेकांना तो दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास सुरू होतो, तर काहींना घरी आल्यावर.

कारणे अनेक आहेत. ऑपरेशनमध्ये हृदयाला हात लागतो, काही वेळा वरच्या कप्प्यालाच छेद द्यावा लागतो. त्यामुळे त्याच्या स्नायूला आणि वरच्या आवरणाला सूज येते. वेदना आणि ताण यांमुळे शरीरात उत्तेजक रसायने वाढतात. लघवीच्या औषधांमुळे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम हे क्षार कमी होतात. सूज ओसरली, क्षार भरून आले की ताल आपोआप जागेवर येण्याची शक्यता मोठी असते.

आपल्या देशात मात्र आणखी एक कारण फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे झडपा खराब होण्यामागे पुष्कळदा लहानपणचा सांधेज्वर असतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा जंतूंमुळे सुजतो, नीट उपचार होत नाहीत, काही आठवड्यांनी सांधे दुखतात, ताप येतो आणि जातो. सगळे विसरतात. पण त्या आजाराने डावीकडची मायट्रल झडप हळूहळू जाड आणि अरुंद केलेली असते. वीस-पंचवीस वर्षांनी दम लागू लागतो, तेव्हा कुठे ते कळते. अशा रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जास्त असते. झडप अरुंद असल्याने रक्त वरच्या कप्प्यात तुंबते आणि तो वर्षानुवर्षे ताणला जाऊन मोठा होतो. नवी झडप बसवली म्हणून असा कप्पा आठ दिवसांत पूर्ववत होत नाही. म्हणून ज्यांचे ठोके ऑपरेशनपूर्वीपासून अनियमित होते, त्यांना ते पुढेही बरेच दिवस, काही वेळा कायमचे राहू शकतात. ते ऑपरेशनचे अपयश नव्हे. झडपेमुळे दम लागणे कमी झाले असेल, तर झडपेने आपले काम केलेले आहे.

प्रत्येक धडधड सारखी नसते

रुग्ण 'धडधडतं' एवढेच सांगतो. पण त्याचे चार प्रकार ओळखता येतात.

पहिला, ठोका 'चुकणे'. मध्येच एक ठोका लवकर पडतो, नंतर क्षणभर शांतता आणि मग एक जोरदार ठोका. जिन्याची पायरी चुकावी तसे वाटते. असे अधूनमधून होणे सहसा निरुपद्रवी असते.

दुसरा, ठोके जलद पण तालात. अशक्तपणा, रक्त कमी असणे, वेदना, ताप यांमुळे असे होते. ऑपरेशननंतर काही आठवडे बसल्या जागी नाडी ९०-१०० असणे यात नवल नाही.

तिसरा, ठोके जलद आणि बेताल. हाच तो ए.एफ.

चौथा, ठोके फार मंद. हृदयातली विजेची वाट महाधमनीच्या झडपेला अगदी लगटून जाते. तिथे टाके घालताना सूज आली की इशारा खाली पोचायला वेळ लागतो. म्हणूनच ऑपरेशननंतर छातीच्या खालच्या बाजूला बारीक तारा बाहेर काढून ठेवलेल्या असतात. गरज पडली तर त्यांना तात्पुरता पेसमेकर जोडतात आणि एरवी घरी सोडण्यापूर्वी त्या काढून टाकतात. थोड्या रुग्णांना मात्र कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवली तरी ही शक्यता राहतेच.

ज्यांना धातूची झडप बसवली आहे, त्यांना एक साधन फुकट मिळालेले असते. रात्री घर शांत झाले की झडपेची बारीक टिकटिक ऐकू येते. कधी कधी शेजारी झोपलेल्यालाही. सुरुवातीला तिने झोप उडते, पुढे सवय होते. पण टिकटिक एका लयीत चालली आहे की अडखळते आहे, हे त्यामुळे आपोआप लक्षात येते.

डॉक्टर काय करतात?

ई.सी.जी. काढून ताल ओळखतात. रक्तातले क्षार तपासतात. हृदयाभोवती पाणी साचलेले नाही ना, हे इकोवर पाहतात. नंतर दोन मार्ग असतात. ठोके बेताल राहिले तरी चालतील, पण त्यांचा वेग आटोक्यात ठेवायचा, हा एक मार्ग. त्यासाठी मेटोप्रोलॉलसारखी औषधे देतात. दुसरा मार्ग म्हणजे अमिओडॅरोनसारख्या औषधाने किंवा विजेच्या झटक्याने ताल पूर्ववत करायचा. 'झटका' या शब्दाने घरचे धास्तावतात, पण तो गुंगीचे औषध देऊन देतात आणि काही क्षणांत काम होते.

२०१६ साली अमेरिका आणि कॅनडातील अनेक रुग्णालयांनी या दोन मार्गांची तुलना प्रसिद्ध केली. हृदयाच्या ऑपरेशननंतर प्रथमच ए.एफ. झालेले ५२३ रुग्ण त्यात होते. दोन्ही मार्ग सारखेच ठरले, आणि दोन महिन्यांनी दोन्ही गटांतल्या दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांचे ठोके तालात आलेले होते. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला झटका दिला आणि आपल्याला नुसत्या गोळ्या दिल्या, म्हणून मनात किंतु आणू नका.

खरा धोका गुठळीचा

मग ठोके आपोआप सुधारणार असतील तर काळजी कसली? काळजी आहे ती रक्ताच्या गुठळीची. वरचा कप्पा नुसताच थरथरत असेल तर रक्त त्यात रेंगाळते. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी जोडलेली असते, तिच्यात ते गोठू शकते. ही गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. धातूच्या झडपेवरही अशीच गुठळी धरू शकते आणि झडपच अडकू शकते. म्हणून 'रक्त पातळ करणारी' गोळी देतात. खरे तर ती रक्त पातळ करत नाही, गोठण्याची क्रिया लांबवते.

या गोळीचा जन्म गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेले गवत खाऊन गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कार्ल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले द्रव्य शोधून काढले. त्यातूनच वॉरफरिन निघाले. १९४८ साली ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरले जाऊ लागले. हे ऐकून कुणी गोळी टाकून देऊ नये. सारा प्रश्न मात्रेचा आहे, आणि ती मात्रा ठरवण्यासाठीच आय.एन.आर. ही रक्ततपासणी असते. निरोगी माणसाचा हा आकडा १ च्या आसपास असतो. या रुग्णांमध्ये तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात, मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. आकडा खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. आपल्याकडे वॉरफरिनऐवजी असिनोकुमरॉलही पुष्कळ दिले जाते. नियम तेच.

बरे वाटले म्हणून गोळी बंद?

खरा घात होतो तो इथेच. तीन-चार महिने उलटतात. जखम भरते, दम लागत नाही, नाडी तालात चालते. तपासणीसाठी तालुक्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, नाहीतर मुलाला रजा काढावी लागते. शेजारीण म्हणते, "आता ठणठणीत दिसता की! किती दिवस त्या गोळ्या खाणार?" आणि एके दिवशी गोळी बंद होते. कुणाला काही जाणवत नाही, कारण गुठळी होताना दुखत नाही. ती कळते तोंड वाकडे झाल्यावर.

म्हणून हा फरक नीट समजून घ्या. झडप दुरुस्त केली असेल किंवा प्राण्याच्या ऊतीची झडप बसवली असेल आणि ठोके तालात आले असतील, तर बहुधा तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टर ही गोळी बंद करू शकतात. ठोके बेताल राहिले तर ती पुढे चालू ठेवावी लागते. आणि झडप धातूची असेल तर ठोके कितीही सुधारले तरी गोळी जन्मभर घ्यायची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसवलेली भारतीय 'चित्रा' झडपही याला अपवाद नाही. तिच्यामुळे हजारो गरिबांना ऑपरेशन परवडले, पण तिच्यासोबत गोळी घ्यावीच लागते.

आणखी एक मोह असतो. ए.एफ. असलेल्या ओळखीच्या एखाद्या काकांना नवी गोळी चालू असते आणि त्यांना रक्त तपासावे लागत नाही. मग आपणही तीच का घेऊ नये? कारण धातूच्या झडपेला त्या नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांतल्या डॅबिगॅट्रान या औषधाची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सांधेज्वराने झडपा बिघडून ए.एफ. झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतातलेही रुग्ण होते. तिथेही रिव्हरोक्साबान या नव्या गोळीपेक्षा जुन्या औषधावरच्या रुग्णांत मृत्यू कमी आढळले. काकांची गोळी काकांसाठी योग्य असेल, आपल्यासाठी नाही.

घरी आल्यावर काय करावे?

पहिले काम, नाडी मोजायला शिका. पाच मिनिटे शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, बेताल नाडीत तो हिशेब चुकतो. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा आणि पुढे 'तालात' किंवा 'बेताल' असे नोंदवा. दिवसातून वीस वेळा नाडी पाहिली तर मात्र काळजीनेच ती वाढेल. मनगटी घड्याळांतही आता ठोके दाखवण्याची सोय असते. तिची मदत घ्या, पण तिचा प्रत्येक इशारा खरा नसतो. निदान ई.सी.जी.वरच होते.

गोळीची वेळ एकच ठेवा. संध्याकाळची सोयीची, कारण दिवसा आलेल्या अहवालावरून त्याच दिवशी मात्रा बदलता येते. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

पालेभाज्यांत व्हिटॅमिन 'के' असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालक, मेथी, कोबी, कोथिंबीर बंद करायची नाही, फक्त प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवायचे. महिनाभर भाजीला हात न लावता एकदम चार दिवस पालक खाल्ला की आकडा घसरतो. श्रावणात, चातुर्मासात जेवण बदलते, तेव्हा तपासणी लवकर करून घ्या. निर्जळी उपवास टाळा. शरीरातले पाणी कमी झाले की ठोके बिघडायला निमित्त मिळते.

अशक्तपणा आहे म्हणून रोज शहाळे, हा आपला आवडता उपाय. पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते. काही औषधे पोटॅशियम कमी करतात तर काही वाढवतात आणि दोन्ही टोके हृदयाला वाईट. शहाळे घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारा.

अंगदुखीच्या गोळ्या, काढे, पुड्या, कुणाकडची उरलेली प्रतिजैविके यांतले काहीही मनाने घेऊ नका. अमिओडॅरोन सुरू केल्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढतो आणि ते बंद केल्यावरही त्याचा अंश शरीरात कित्येक आठवडे राहतो. त्या काळात आय.एन.आर. अधिक वेळा तपासावा लागतो. हे औषध दीर्घकाळ चालले तर थायरॉइडचीही तपासणी करतात.

घरातल्या बायकांसाठी दोन शब्द वेगळे. ऑपरेशन झालेला पुरुष दोन महिने आराम करतो. बाई पंधराव्या दिवशी ओट्यापाशी उभी असते. छातीचे हाड भरून यायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात. तोवर भरलेली बादली, मोठा कुकर, कडेवर मूल, काहीही उचलायचे नाही. धडधड झाली तर 'अशक्तपणा असेल' म्हणून ती लपवते, म्हणून घरच्यांनीच विचारायला हवे. वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. तेव्हा मूल हवे असेल तर दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला. दिवस गेले असे कळल्यावर आपल्या मनाने गोळी बंद करणे आईच्या जिवावर बेतू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

ताबडतोब रुग्णालय गाठा

● बसल्या जागी नाडी १२० च्या वर जाऊन तशीच राहिली किंवा ५० च्या खाली आली.
● धडधडीबरोबर दम लागला, छातीत दुखले, घेरी आली किंवा शुद्ध हरपली.
● तोंड वाकडे झाले, हातापायातली शक्ती गेली, बोलणे अडखळले. इथे 'थोड्या वेळाने पाहू' चालत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ही गोळी चालू असेल तर ते द्यायचे की नाही हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतात. ती चालू आहे हे पोचताक्षणी सांगा.
● लघवीतून रक्त, काळी शौच, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार.
● ताप दोन दिवस उतरत नाही. नव्या झडपेला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. मनाने प्रतिजैविक घेतले तर रक्ताच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत.
● धातूच्या झडपेची टिकटिक एकदम अस्पष्ट झाली किंवा बंद पडली.

दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेबद्दल आणि गोळीबद्दल अवश्य सांगा. दात काढण्याआधी प्रतिजैविकाची मात्रा घ्यावी लागते. आणि सांधेज्वरासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू असेल, तर नवी झडप बसली म्हणून ते बंद करू नका. बाकीच्या झडपा अजून आपल्याच आहेत.

पुढच्या भेटीला जाताना नाडीची वही बरोबर न्या आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझी झडप कसली आहे? माझे ठोके आता तालात आहेत का? ही गोळी किती काळ घ्यायची आणि माझा आय.एन.आर. कितीच्या दरम्यान हवा? उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि ते पान घरातल्या आणखी एका माणसाला वाचून दाखवा. परगावी जाताना ही वही गोळ्यांच्या डबीसोबत पिशवीत ठेवायला विसरू नका.